पावसाळी रानातील लहान वनस्पती पानांवरून कशा ओळखाव्यात
जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्रीच्या पानझडी जंगलात जमीन हिरवीगार होते, परंतु अनेक वनस्पतींना तेव्हा फुले नसल्याने पानांवरच भिस्त ठेवावी लागते. प्रथम पाने खोडावर कशी बसली आहेत ते पाहावे, कारण आकार आणि रंग वयानुसार बदलतात, मांडणी सहसा बदलत नाही. पेवाची पाने खोडाभोवती गोल जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे वळत चढतात. रानहळदीची पाने मात्र जमिनीलगत एकत्र उगवतात आणि चुरडल्यास सुवास देतात. वास घेण्यापूर्वी पानावर खाजरी लव नाही ना, हे अवश्य तपासावे. शेवळ्याचे एकच पान देठाच्या टोकाशी तीन भागांत विभागून पुढे अनेक पर्णिकांत, म्हणजे छोट्या उपपानांत, फुटते, त्यामुळे नवख्याला ते स्वतंत्र रोपटेच वाटते.

कळलावीकडे विशेष लक्ष द्यावे. तिच्या पानाचे टोक लांबत जाऊन वेटोळ्या तणाव्यात, म्हणजे आधाराला गुंडाळणाऱ्या दोऱ्यासारख्या भागात, संपते. खालच्या पानांवर ही खूण नसू शकते, म्हणून वरची पाने पाहावीत. तिचे सर्व भाग, विशेषतः कंद, अत्यंत विषारी आहेत. त्यामुळे केवळ पानांवरून ओळखलेली कोणतीही वनस्पती जाणकाराला दाखवल्याशिवाय रानभाजी म्हणून खुडू नये.