समुद्र की मंगळ? आधी ओहोटी गाठा

बारावीनंतर सल्ला विचारायला येणाऱ्या मुलांपैकी काहींना समुद्रही आवडतो आणि मंगळही, आणि ‘माझं काही एक ठरत नाही’ म्हणून ती खट्टू असतात. मला यात खट्टू होण्यासारखं काही दिसत नाही. मी प्राणिशास्त्रात बीएस्सी करून सागरी विज्ञानाकडे वळले. आता पाण्याखालच्या यंत्रांनी काढलेले फोटो तपासण्याचं काम करते आणि जेवणाच्या सुट्टीत मंगळावरचे फोटो चाळते. दोन्हीकडे नजर एकच लागते.

ती घडवायला फी पडत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप आत जातं. भरती-ओहोटीच्या वेळा बघून सुकतीच्या (पूर्ण ओहोटीच्या) तासभर आधी किनाऱ्यावर पोचा आणि चक्क उकिडवे बसा. ओल्या वाळूत बारीक बिळं दिसतील, भोवती वाळूच्या इवल्या गोळ्यांच्या रांगा. नखाएवढा खेकडा वाळू तोंडात घेतो, त्यातलं खाण्याजोगं तेवढं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतो. रांगा बिळापासून बाहेर फाकत जातात, मधली वाट मोकळी राहते. धोका जाणवला की स्वारी त्याच वाटेने बिळात. वहीत मात्र आधी फक्त दिसलं ते लिहा: वेळ, गोळीचा आकार, रांगेची लांबी. ‘असं का’ हे वेगळ्या शाईने. पुढे प्रयोगशाळेत मला सगळ्यात जास्त कामी आली ती हीच सवय. (पावसाळ्यात जुहूला निळे फुगे वाहून आलेले दिसतील. तो एक प्राणी नसून अनेक जीवांची वसाहत असते. मेलेली वाटली तरी डंख मारते, हात लावू नका.)

आता मंगळ. नासाचा क्युरिऑसिटी रोव्हर, म्हणजे मंगळावर फिरणारी यंत्रगाडी, २०१२ मध्ये तिथल्या गेल विवरात उतरला. त्याच्या चाकांना मुद्दाम खाचा ठेवल्या आहेत. चाक फिरलं की धुळीत ठिपके-रेघांच्या मोर्स लिपीत ‘जेपीएल’ उमटतं; हे रोव्हर बनवणाऱ्या नासाच्या प्रयोगशाळेचं छोटं नाव. आजूबाजूला ओळखीची खूण नसली की या ठशांमधलं अंतर मोजून गाडी किती सरकली आणि चाक किती घसरलं ते काढतात. म्हणजे तिथेही माग मोजणंच आलं. २०१३ मध्ये त्याच चाकांना अणकुचीदार दगडांनी भोकं पाडली. तीही फोटोंतच दिसली, आणि मग पुढचे रस्ते निवडताना असे दगड टाळायला लागले.

रोव्हर जॉयस्टिकने चालवतात हा समज सोडा. मंगळापर्यंत संदेश जायला कधी तीन, तर कधी बावीस मिनिटं लागतात, त्यामुळे दिवसभराच्या आज्ञा एकदम धाडाव्या लागतात. खोल समुद्रात तर रेडिओ लहरी पोचतच नाहीत. एक तर केबल सोडा, नाहीतर ध्वनीने तुटक बोला. हाताबाहेरच्या यंत्राला शहाणं करायचं, हा प्रश्न दोघांचाही. प्रोग्रॅमिंग शिका ते यासाठी.

जीवशास्त्रवाल्यांनी स्वतःला कमी समजू नये. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ अडीच किलोमीटर खोल समुद्रतळावर गरम पाण्याचे झरे सापडले आणि त्यांच्याभोवती सूर्यप्रकाशाविना जगणारी अख्खी वस्ती. मोहिमेवर जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता. नमुने टिकवायला रसायन पुरेना, तेव्हा पनामात घेतलेली रशियन व्होडका वापरली! गुरूच्या युरोपा चंद्राकडे २०२४ मध्ये निघालेलं यान बर्फाखालचा महासागर जीवांना राहण्याजोगा आहे का, हेच तपासणार आहे. या प्रश्नामागे ते झरे आहेत.

वाटा बऱ्याच आहेत. समुद्रासाठी गोवा विद्यापीठाचे सागरी विज्ञानाचे अभ्यासक्रम बघा; दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थाही गोव्यातच आहे. अवकाशासाठी तिरुवनंतपुरमची आयआयएसटी, म्हणजे भारतीय अंतराळ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था. अजून ठरत नसेल तर आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्था; तिथे सुरुवातीला सगळे मूळ विषय शिकता येतात. पदवीला असताना विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज कराच.

प्रयोगशाळेत काम मिळावं म्हणून प्राध्यापकांना लिहिताना ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे’ हे वाक्य गाळा, ते सगळेच लिहितात. त्याऐवजी वहीच्या दोन पानांचे फोटो जोडा. उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी परत लिहा, पण परीक्षेचा हंगाम सोडून.