मराठी ध्वनिमुद्रणांच्या टॅगचे काम हाती घेताना

जुन्या कीर्तनांच्या आणि नाट्यपदांच्या फितींवरून तयार झालेल्या एमपी३ फाइलींत शीर्षक, गायक, राग ही माहिती भरण्याचे काम संग्रहात नव्याने येणाऱ्यांवर पहिल्यांदा सोपवले जाते, आणि बहुधा ते कारकुनी काम समजूनच सोपवले जाते. तसे समजू नका.

एमपी३ फाइलीतच ही माहिती साठवणाऱ्या भागाला आयडी३ टॅग म्हणतात. त्याची पहिली आवृत्ती १९९६ची. फाइलीच्या शेवटी १२८ बाइट, त्यांत शीर्षकाला ३०. यूटीएफ-८ या संकेतात, म्हणजे अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत, काना, मात्रा आणि हलन्तचिन्हासह देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे ‘ज्ञानेश्वर’ या एका शब्दातच ती जागा भरते. १९९८मध्ये आलेली दुसरी आवृत्ती फाइलीच्या आरंभी बसते आणि प्रत्येक माहिती वेगळ्या फ्रेममध्ये, म्हणजे कप्प्यात, ठेवते. तिथे जागेची अडचण नाही. अडचण दुसरीच आहे, आणि माझे कितीतरी काम तिने पाण्यात घातले.

मजकुराच्या प्रत्येक फ्रेममध्ये अक्षरांच्या आधी एक बाइट असतो. पुढचे बाइट कोणत्या संकेतानुसार वाचायचे, हे तो सांगतो. दुसऱ्या आवृत्तीच्या २.३ या उपआवृत्तीत त्याच्या दोनच किमती मान्य आहेत: ० म्हणजे लॅटिन-१, ज्यात देवनागरी नाहीच, आणि १ म्हणजे यूटीएफ-१६, ज्यात देवनागरी आहे. यूटीएफ-८साठीची ३ ही किंमत २०००च्या २.४ आवृत्तीत आली. तरीही काही प्रोग्राम यूटीएफ-८चे बाइट लिहितात आणि त्यांच्या आधीच्या बाइटात ० ठेवून मोकळे होतात. काही प्लेअर त्या शून्याकडे दुर्लक्ष करून अंदाजाने मराठी दाखवतात, त्यामुळे आपल्या संगणकावर सारे ठीक दिसते. नियम पाळणारा प्लेअर मात्र तेच बाइट लॅटिन अक्षरे म्हणून वाचतो आणि प्रत्येक चिन्हाच्या जागी तीन-तीन परकी चिन्हे उमटतात. इंग्रजी शीर्षक घेऊन चाचणी केलीत, तर हा दोष कधीच दिसणार नाही, कारण साधी इंग्रजी अक्षरे दोन्ही संकेतांत सारखीच असतात.

इथवर नुकसान काहीच झालेले नसते. बाइट बरोबर असतात, फक्त त्यांच्यावरची चिठ्ठी चुकलेली असते. खरा घात एका टिचकीत ‘दुरुस्ती’ करणारी साधने करतात. ती चुकीचे वाचन खरे मानून तेच यूटीएफ-१६मध्ये नव्याने लिहितात. त्यात वाचन विंडोज-१२५२च्या, म्हणजे लॅटिन-१शी मिळत्याजुळत्या विंडोजच्या संकेताच्या, तक्त्याने झाले असेल, तर परतीची वाटही अर्धवट बुजते, कारण त्या तक्त्यात पाच बाइटांना अक्षरच नाही आणि काही प्रोग्राम तिथे प्रश्नचिन्ह ठेवतात. हलन्तचिन्ह, ऱ्हस्व उकार, ए, ऐ आणि झ यांचे शेवटचे बाइट नेमके तेच आहेत. ‘भजन’ परत मिळेल, ‘अभंग’ही मिळेल, पण ‘मुक्ताई’ हातची जाईल.

‘प्लेअरमध्ये दिसते ना, मग झाले’ असे सांगणारे वरिष्ठ प्रत्येक ठिकाणी भेटतात. त्यांचा अनुभव टेपयंत्राबाबत अमोल असतो, या बाबतीत त्यांचे ऐकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा फाइलीतले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये ती उघडून तो एक बाइट स्वतः पाहावा. तेवढे शिकायला एक दुपार पुरते.

घाबरण्याचेही कारण नाही. टॅग कितीही बिघडला, तरी ध्वनीच्या फ्रेम वेगळ्या असतात आणि आवाजाला धक्का लागत नाही. मूळ प्रत फ्लॅक या ध्वनिफाइलीच्या दुसऱ्या प्रकारात ठेवलीत, तर हा प्रश्न बराचसा मिटतो, कारण तिथल्या टॅगसाठी यूटीएफ-८ हाच एकमेव संकेत ठरलेला आहे. वितरणाच्या एमपी३ प्रती २.३ आणि यूटीएफ-१६मध्ये काढाव्यात. म्युटाजेन ही पायथन लायब्ररी काही न सांगितल्यास २.४ लिहिते, म्हणून आवृत्ती स्पष्ट द्यावी. चाचणीच्या शीर्षकात ए, ऐ, झ, ऱ्हस्व उकार आणि एखादे जोडाक्षर असलेच पाहिजे, आणि ती फाइल निदान दोन वेगळ्या प्लेअरांवर पाहिल्याशिवाय उरलेल्या फाइलींना हात लावू नये.