बाटलीवरचा हिरवा त्रिकोण आणि ग्रुपवरचा फोटो: द्राक्षबागेत या चुका टाळा

ऑक्टोबर छाटणी झाली की नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो, पोस्टर आणि व्हॉइस मेसेज धडाधड येऊ लागतात. सल्ला बरोबर असूनही फवारणी चुकते. नजर आधी रंगावर आणि चित्रावर जाते, अक्षरांकडे नंतर वळते, आणि कधी वळतही नाही.

सगळ्यात महागात पडते ती औषधाच्या बाटलीवरच्या शंकरपाळीसारख्या चौकोनाची चूक. त्याचा खालचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. सिग्नलचा हिरवा दिवा आणि खाद्यपदार्थांच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका यांची डोळ्याला सवय, म्हणून हिरवा म्हणजे सेंद्रिय किंवा निर्धोक असं वाटतं आणि लाल म्हणजे ‘जोरदार औषध’. दोन्ही अर्थ चूक. औषध अंगात गेलं तर किती विषारी, एवढंच हा रंग सांगतो. प्रयोगातले निम्मे प्राणी दगावतील अशी तोंडावाटेची मात्रा, किलो वजनामागे १ ते ५० मिलिग्रॅम असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यापुढे हिरवा. कीड किती मरेल, काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची, यातलं काहीही रंगात नाही. निर्यातीच्या मालात हिरव्या त्रिकोणाच्या औषधाचा रेसिड्यूसुद्धा (फळात उरलेला अंश) मर्यादेबाहेर जाऊ शकतो. काढणीपूर्व दिवस लेबलवर आणि सोबतच्या माहितीपत्रकात वाचा. हातमोजे हिरव्यालाही हवेतच.

पोस्टर करणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे पानाची एकच बाजू दाखवणं. डावणी आणि भुरी हे द्राक्षावरचे दोन बुरशीजन्य रोग. डावणीत पानाच्या वर तेलकट पिवळसर डाग पडतो आणि त्याच जागी खालून पांढरी बुरशी दिसते. भुरीची राखट पावडर पानाच्या वरही असते. नुसता खालचा पांढरा फोटो टाकला की बघणारा त्याला भुरी समजून भुरीचंच औषध मारतो, आणि डावणी पसरत राहते. त्यामुळे एकाच पानाचे दोन्ही फोटो एका चौकटीत घ्या आणि त्यांवर ठळक ‘वरून’, ‘खालून’ लिहा. थ्रिप्स हा किडा जेमतेम मिलिमीटरभर असतो. झूम केलेला फोटो पाहून माणूस बागेत तेवढाच मोठा किडा शोधतो, म्हणून पानावर रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा.

चुकीच्या कृतीचा मोठा फोटो आणि कोपऱ्यात छोटी फुली, असं करू नका. डोक्यात कृती राहते, फुली राहत नाही. मास्क लावून फवारणाऱ्याचाच फोटो मोठा लावा.

पुढे पाठवताना फोटोखालचा मजकूर गळतो, व्हॉइस मेसेज तर मागेच राहतो. प्रमाण फोटोवरच लिहा, आणि नुसतं ‘२ मिली’ नको. ते लिटरला की एकरी, हेही तिथेच हवं.

पाठवण्याआधी चार-पाच बागायतदारांना दाखवा. ‘समजलं का?’ विचारलं तर सगळे हो म्हणतात. ‘हे बघून तुम्ही काय कराल?’ असं विचारा. उत्तर चुकलं तर समजावत बसू नका, चित्र बदला. ग्रुपवर समजावायला तुम्ही त्यांच्या शेजारी नसता.