वेड्यावाकड्या आकाराची जुनी इलेक्ट्रिक गिटार घेताय? आधी हे बघा

ज्यांचा जीव असल्या गिटारींवर जडतो त्यांच्यासाठीच लिहितोय, म्हणजे भिंतीवर दहा सरळसाध्या गिटारी टांगलेल्या असतात पण कोपऱ्यातली एकच कात्रीने कापल्यासारखी दिसते आणि मग आपली नजर काही तिथून हलत नाही.

१९५८ मध्ये गिब्सन या अमेरिकन कंपनीने फ्लाइंग व्ही आणि एक्सप्लोरर काढल्या, कोरिना लाकडाच्या, एक बाणासारखी आणि दुसरी नुसती कोनाकोनांची, तेव्हा लोकांनी त्या घेतल्याच नाहीत, पहिल्या दोन वर्षांत व्ही शंभरसुद्धा बनल्या नाहीत. म्हणून तर आज त्यांच्या किमती ऐकून घाम फुटतो. त्या सोडा, पण साठच्या दशकातल्या जपानी गिटारी अजून आपल्या आवाक्यात येऊ शकतात, टेइस्को वगैरे, ज्यांच्या टीजी-६४ मॉडेलच्या बॉडीला हात घालून उचलायला चक्क एक भोक ठेवलेलं असायचं. गोव्यात अशी एखादी निघते कारण गावागावात तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, बोटीवरून येताना काय काय आणायचे. माझी हळदोण्याला एका जुन्या घरात कपाटावर मिळाली, आंटींनी चादर ओढली तर आत लाल सनबर्स्ट (मधे उजळ, कडेला गडद होत जाणारा रंग), दोन शिंगं, एक लांब एक आखूड, आणि फ्रेट्सवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, हिरवी बुरशी चढलेली. मी तिथेच हरलो खरं सांगायचं तर, पण हरलात तरी पैसे काढायच्या आधी नेक, म्हणजे गिटारीची लांब मान, बघा.

आकार कितीही भारी असला तरी वाजते ती नेक. हेडस्टॉकच्या (खुंट्या असतात त्या टोकाच्या) बाजूने एक डोळा मिटून कडेने बघा, पीळ आहे का ते लगेच कळतं, आणि पीळ असेल तर सरळ नमस्कार करून निघा, तो काढणं महागात जातं. नुसता बाक असेल तर चालेल. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर अशी दोन्हीकडे दाबा, सातव्या फ्रेटपाशी फट बघा, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी ठीक. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करायची सळी) घड्याळाच्या दिशेने पाव फेराच फिरवा, मग एक दिवस थांबा, जुन्या लाकडावर जोर करू नका, आणि स्वस्तातल्या काही जुन्या गिटारींना फिरणारा रॉडच नसतो तेव्हा हे आधी विचारून घ्या.

मग ती अंगावर घ्या. बसून आणि उभं राहून दोन्ही, पट्टा लावून, कारण व्ही मांडीवरून घसरते (एक पंख उजव्या मांडीखाली घातला की बसते), आणि ज्यांचा हेडस्टॉक जड असतो त्या उभ्याने हात सोडला की खाली झुकतात. पट्टा आतून खरखरीत असलेला घ्या, खूप फरक पडतो.

वायरिंगला मल्टिमीटर घेऊन जा. सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज पकडणारा, एका कॉइलचा भाग) बहुतेक ५ ते ८ किलोओहमच्या आसपास दाखवतो, मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलीय समजा. पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या नॉबखालचा भाग, खरखरत असेल तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-तीस वेळा फिरवला की बरेचदा गप्प बसतो. आणि दुरुस्तीला देताना आधी फोटो काढा, जुने पार्ट परत हवेत असं लिहून द्या! माझे मूळचे पॉट आणि नॉब एकाने फेकून दिले, मला विचारलंसुद्धा नाही, अजून चुटपुट लागते. पॉलिश, नवा रंग वगैरे तर अजिबात नको, तो पिवळा पडलेला लॅकर आणि बारीक चिरा हेच तर तिचं वय आहे.

राहिला पावसाळा. जून लागला की आपल्याकडे कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते, मग गिटारीचं काय. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, हवेतला दमटपणा मोजणारा एक स्वस्तातला हायग्रोमीटर टाका, ५० टक्क्यांच्या आसपास बरं, आणि केस बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, चिऱ्याची भिंत ओल ओढते. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा. मी दर रविवारी केस उघडून अर्धा तास वाजवतो, पाऊस कौलांवर कोसळत असतो, आणि मग परत ट्यून करून झाकून ठेवतो.