मोटारसायकल धुवावी कशी आणि कोरडी करावी कशी : पाण्याचे डाग न राहण्यासाठी

मोटारसायकल धुऊन अंगणात उन्हाला लावावी आणि तासाभराने येऊन पाहावे, तर काळ्याभोर टाकीवर पांढुरक्या कडांचे गोल गोल डाग उमटलेले दिसतात. ओले फडके फिरवले की ते दिसेनासे होतात, पण पृष्ठभाग सुकला की जागच्या जागी पुन्हा हजर होतात. बोअरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या घरांना हा अनुभव नवा नाही. माझी स्वतःची गाडी काळी आहे, आणि कित्येक वर्षे मी दोष शांपूला देत होतो. प्रत्यक्षात दोष शांपूचा नव्हता, गाडी उन्हात ठेवून ‘वाळवण्याच्या’ सवयीचा होता. मराठीत वाळणे आणि कोरडे करणे ही दोन वेगळी क्रियापदे आहेत, आणि या कामात तो भेद शब्दशः पाळावा लागतो. गाडीवरचे पाणी वाळू द्यायचे नसते. ते टिपून किंवा उडवून काढून टाकायचे असते.

डाग नेमका कशाचा असतो

पाण्याची वाफ होते, पण त्यात विरघळलेल्या क्षारांची वाफ होत नाही. दख्खनच्या पठारावरचा काळा बेसाल्ट खडक झिजताना त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भूजलात उतरते. पाण्यात ते बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेले असते. पाणी आटू लागले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पाण्यात सहज न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट मागे उरते. गिझरच्या कॉइलवर धरणारा पांढरा थर आणि टाकीवरचा डाग हे एकाच जातीचे. थेंब कडेला लवकर आटत असल्यामुळे आतले पाणी कडेकडे सरकत राहते आणि आपल्याबरोबर क्षारही तिकडे नेते, म्हणून डागाचा मध्य फिकट आणि कडा ठळक दिसते.

हे प्रमाण किरकोळ नसते. एका लिटरमध्ये १,००० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार असलेल्या पाण्याने गाडी धुतली आणि अंगावर १०० मिलिलिटर पाणी तसेच राहिले, तर ते आटल्यावर १०० मिलिग्रॅम क्षार गाडीवर पसरलेले राहतात. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात विरघळलेल्या घन पदार्थांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. म्हणजे पिण्यास चालणारे पाणीसुद्धा काळ्या रंगावर स्पष्ट डाग पाडू शकते.

पाणी कोणते घ्यावे

ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते जड पाणी ही जुनी ओळख आजही खरी आहे. अधिक खात्री हवी असेल तर स्वच्छ घासलेल्या स्टीलच्या ताटलीत चमचाभर पाणी घेऊन ते आपोआप सुकू द्यावे. ताटलीवर जे उरेल तेच उद्या टाकीवर उरणार आहे. धरणातून येणारे नळाचे पाणी बहुधा बोअरपेक्षा मृदू असते, त्यामुळे दोन्ही जोडण्या असतील तर गाडीसाठी नळाचे पाणी राखून ठेवावे.

सगळी गाडी मृदू पाण्यानेच धुतली पाहिजे असे मात्र मुळीच नाही. माती काढायला बोअरचे पाणी चालते. केवळ अखेरचे पाणी चांगले असले की पुरे, आणि त्यासाठी तीन-चार लिटर पुष्कळ होतात. घरच्या आरओ यंत्राचे शुद्ध पाणी, पावसाळ्यात छप्पर नीट धुतले गेल्यानंतर साठवलेले पावसाचे पाणी, किंवा एसीच्या नळीतून गळणारे पाणी यांपैकी काहीही वापरता येते. एसीचे पाणी हवेतली वाफ थंड होऊन बनलेले असते, त्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात. फक्त धूळ असू शकते म्हणून ते फडक्यातून गाळून घ्यावे. येथे एक चूक फार घरांत होते. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी वाया जाऊ नये या चांगल्या हेतूने ते गाडी धुण्यासाठी साठवले जाते. पहिल्या धुण्याला ते जरूर वापरावे, पण मूळ पाण्यापेक्षाही त्यात क्षार अधिक असतात, म्हणून शेवटच्या पाण्याला ते कधीही घेऊ नये. गॅरेजमधून बॅटरीत घालायचे पाणी आणणार असाल तर ते डिस्टिल्ड पाणीच आहे, आम्ल नव्हे, हे बाटलीवर वाचून घ्यावे.

धुण्याआधी

सकाळी ऊन चढण्यापूर्वी किंवा संध्याकाळी, सावलीत काम करावे. गाडी नुकतीच चालवून आणलेली असेल तर अर्धा-पाऊण तास थांबावे. तापलेल्या सिलिंडरवर आणि सायलेन्सरवर पडलेले पाणी पडता क्षणी आटते आणि डाग भाजल्यासारखा बसतो. शिवाय गरम धातूवर एकदम थंड पाणी ओतणे यंत्रालाही बरे नाही. हाताला इंजिन कोमट लागले की सुरुवात करावी.

सायलेन्सरच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी रबराने बांधावी, किल्लीच्या छिद्रावर आणि मोबाइल चार्जिंगचा सॉकेट असल्यास त्यावर चिकटपट्टी लावावी. सायलेन्सरवरची पिशवी काढल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही, म्हणून मी किल्ली त्याच पिशवीच्या गाठीला अडकवून ठेवतो. गाडीला डबल स्टँड असेल तर तोच लावावा, म्हणजे मागचे चाक फिरवता येते.

धुणे

आधी सर्वांत मळलेला भाग हातावेगळा करावा. चेनवरचे जुने काळे वंगण केरोसिनमध्ये भिजवलेल्या मऊ ब्रशने काढावे. चाक हाताने फिरवावे, इंजिन सुरू करून गिअरमध्ये टाकून कधीही नव्हे, कारण फिरत्या चेनमध्ये अडकलेले फडके बोटही ओढून नेते. हे तेलकट पाणी विहिरीच्या किंवा झाडाच्या आळ्याकडे जाणार नाही असे पाहावे. केरोसिन टायरवर आणि ब्रेकच्या डिस्कवर उडू देऊ नये.

मग साध्या पाण्याने सगळी गाडी वरून खाली भिजवावी आणि पाच मिनिटे थांबावे. ही पाच मिनिटे वाचवण्याजोगी नाहीत. मडगार्डखालचा चिखल आणि टाकीवरची धूळ फुगून सैल होते आणि पुढच्या पाण्याबरोबर वाहून जाते; कोरडी धूळ फडक्याने घासली तर तिच्यातले बारीक कण रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे ओढतात, आणि मग डाग नसतानाही टाकी उन्हात धुरकट दिसते.

दोन बादल्या घ्याव्यात. एकीत गाडीच्या शांपूचे पाणी, दुसरीत फडके खळबळण्यासाठी साधे पाणी. टाकी, सीट, बाजूची पॅनेले, मग मडगार्ड, आणि सर्वांत शेवटी इंजिन व चाके असा क्रम ठेवावा. चाकांचे फडके टाकीला लावू नये. कपड्यांची पावडर वापरू नये, कारण तिच्यातला सोडा पॉलिशचा थर उतरवतो; आणि अंगाचा किंवा कपड्यांचा वडीचा साबण जड पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून पांढरा साका बनवतो, जो क्षाराच्या डागाहूनही चिकट असतो. फेस कुठेही सुकू देऊ नये. उन्हाळ्यात एक बाजू धुऊन तिच्यावर पाणी घालावे आणि मगच दुसरीकडे वळावे.

वॉशिंग सेंटरमधला जोराचा फवारा वेळ वाचवतो, पण चाकांच्या बेअरिंगवर, पुढच्या शॉकअपच्या सीलवर, चेनवर, हँडलच्या बटणांवर आणि रेडिएटरच्या पात्यांवर तो जवळून मारू देऊ नये. जोराच्या पाण्याने मागे रेटलेले थेंब नंतर तासन्‌तास झिरपत बाहेर येतात.

शेवटचे पाणी

फेस निघून गेल्यावर नळीचे तोंड अंगठ्याने दाबून फवारा मारण्याचा मोह होतो, पण येथे उलट करावे. नळीचे तोंड मोकळे ठेवून, मंद धारेने, टाकीच्या सर्वांत उंच भागावरून पाणी सोडावे. फवाऱ्याने हजारो सुटे थेंब बसतात, तर सलग धार चादरीसारखी उतरते आणि वरचे पाणीही आपल्याबरोबर ओढून नेते. यानंतर राखून ठेवलेले चांगले पाणी तांब्याने किंवा मगाने सावकाश वरून ओतावे. त्यामुळे गाडीवर उरलेल्या जड पाण्याची जागा क्षार नसलेले पाणी घेते, आणि कोरडे करताना एखादा थेंब नजरेतून सुटलाच तरी त्याचा डाग ठळक उमटत नाही.

कोरडी करणे

खरे कसब येथे आहे. गाडी कितीही मन लावून धुतली, पण नंतर अर्धवट पुसून सोडली, तर डाग राहतातच, म्हणून धुण्याला जितका वेळ दिला तितकाच कोरडे करण्याला द्यावा.

स्वच्छ, मोठे, दाट मायक्रोफायबर फडके उलगडून टाकीवर अंथरावे, तळहाताने हलके दाबावे आणि उचलावे. घासू नये, टिपावे. जुन्या बनियनचे किंवा टॉवेलचे फडके पाणी शोषते खरे, पण त्याच्या शिवणी आणि धाग्यांत अडकलेली वाळू रंगाला चरे पाडतात. टाकी आणि पॅनेले झाली की दुसऱ्या फडक्याने आरसे, हेडलाइट आणि मडगार्ड, व तिसऱ्या जुन्या फडक्याने चाके व इंजिन टिपावे.

एवढे करूनही गाडी कोरडी झालेली नसते. मोटारीपेक्षा मोटारसायकलीत पाणी लपण्याच्या जागा कितीतरी अधिक आहेत : टाकीच्या झाकणाभोवतीचे खाचे, नावाच्या अक्षरांमागची फट, आरशाच्या दांड्याचे मूळ, हेडलाइटची कडा, इंडिकेटरच्या काचा, बोल्टच्या डोक्यांतले षटकोनी खळगे, इंजिनच्या फिनांमधल्या फटी, स्पोकची टोके. फडके तेथे पोहोचत नाही. संगणक साफ करण्यासाठी मिळणारा विजेचा छोटा हँड ब्लोअर या कामाला उत्तम. हवा वरून खाली आणि आतून बाहेर मारावी आणि बाहेर आलेले पाणी दुसऱ्या हातातल्या फडक्याने लगेच टिपत जावे. हातापायाखाली पाणी असताना विजेचे यंत्र वापरायचे आहे, म्हणून आधी कोरड्या जागी गाडी सरकवावी, पायांत चप्पल असावी आणि वायरचा जोड ओल्या फरशीवर पडू देऊ नये. ब्लोअर नसेल तर सायकलच्या पंपानेही झाकणाभोवतीचे पाणी उडवता येते, थोडा धीर धरावा लागतो इतकेच.

यानंतर पिशवी व चिकटपट्ट्या काढून गाडी पाच-दहा मिनिटे हळू चालवून आणावी. ओल्या डिस्कवर किंवा ड्रममध्ये ब्रेक सुरुवातीला कमी लागतो, म्हणून मोकळ्या रस्त्यावर हलके हलके दोन-चार वेळा ब्रेक दाबून त्यांतले पाणी काढावे. परत आल्यावर आरशाखाली आणि हेडलाइटखाली पाण्याचे एक-दोन ओघळ हमखास दिसतात. तेच नेमके डाग होऊन बसतात, म्हणून हा दुसरा फेरा टाळू नये. चेनला वंगण द्यायचे ते यानंतरच, चेन पूर्ण कोरडी असताना, आणि आतल्या बाजूने, जास्तीचे पुसून.

बसलेले डाग

ताजा डाग डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेल्या फडक्याने दोन मिनिटे झाकून ठेवल्यास बहुधा सुटतो. जुना असेल तर पांढरे व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी समप्रमाणात मिसळून फडक्याने डागावर मिनिटभर ठेवावे. आम्ल कार्बोनेटला विरघळवते. लगेच भरपूर पाण्याने धुऊन कोरडे करावे, आणि हे सारे आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून पाहावे. उघड्या अॅल्युमिनियमवर व्हिनेगर लावू नये, ते काळवंडते. लिंबू चोळण्याचा घरगुती उपाय मी सुचवणार नाही, कारण रसातली साखर आणि चोथा मागे राहतो. व्हिनेगरनेही डाग गेला नाही तर क्षाराने रंगाच्या वरच्या थरात खळगा केलेला असतो. तेथे बारीक पॉलिशच लागते. मॅट रंगाच्या गाडीला मात्र पॉलिश किंवा चमकदार वॅक्स कधीच लावू नये, घासलेली जागा कायमची चकाकते.

चकचकीत रंगावर दोन-तीन महिन्यांनी वॅक्स लावावे. वॅक्समुळे पाण्याचे टपोरे थेंब बनतात आणि अनेकांना वाटते की आता पुसण्याची गरज नाही. उलट टपोऱ्या थेंबात क्षार एका जागी एकवटतात, त्यामुळे न पुसल्यास डाग अधिक ठळक पडतो; वॅक्सचा फायदा इतकाच की तो डाग रंगापर्यंत न पोहोचता वरच्या वर निघतो.

दसऱ्याच्या सकाळी घाईने धुतलेल्या गाडीवर ओली असतानाच हळदकुंकू लावले जाते आणि झेंडूचा हार चढतो. ओल्या पृष्ठभागावर हळद पसरते आणि तिचा पिवळेपणा फिकट रंगांत मुरतो. त्या दिवशी गाडी आदल्या संध्याकाळीच धुऊन ठेवावी, सकाळी फक्त पुसावी, आणि हळदकुंकू नंबर प्लेटच्या वरच्या मडगार्डवर एका बोटाने लावावे.

गाडीवर कव्हर घालायचे असेल तर निदान तासभर थांबावे, कारण आत अडकलेला ओलावा रात्री पुन्हा थेंब होऊन बसतो. मायक्रोफायबरची फडकी इतर कपड्यांबरोबर न धुता वेगळी धुवावीत, त्यांना कपडे मऊ करणारे द्रव्य लावू नये, कारण त्याने पाणी शोषण्याची शक्ती जाते, आणि टाकीचे फडके सावलीत सुकवून झाकणाच्या डब्यात ठेवावे.