उपग्रह धरायला निघण्यापूर्वी : अवजारांची तयारी

निकामी उपग्रहाला धरण्यासाठी आमच्या गटाने एकदा एक जबडा तयार केला होता. प्रक्षेपकापासून सुटा झाल्यावर उपग्रहाच्या बुडाशी धातूचे जे कडे उरते, ते दोन बाजूंनी आवळून धरायचे, एवढेच त्याचे काम. ड्रॉइंगवरून आम्ही त्या कड्याची प्रतिकृती केली, एअर बेअरिंगच्या फरशीवर, म्हणजे हवेच्या पातळ थरावर जवळजवळ घर्षणाशिवाय सरकणाऱ्या ठोकळ्यांवर, तो जबडा असंख्य वेळा मिटवून पाहिला, आणि प्रत्येक वेळी तो ‘खट्’ असा आवाज करून नेमका बसला. मग खऱ्या उपग्रहाच्या जोडीने बांधलेल्या दुसऱ्या सांगाड्यावर चाचणी ठेवली, तेव्हा तो आवाज आलाच नाही. जबडा सहा मिलिमीटर अलीकडे अडून राहिला. मी कड्याखालून बोट फिरवले तर तारांचे जुडगे धरून ठेवणारी एक क्लिप हाताला लागली. ड्रॉइंगमध्ये ती वीतभर दूर होती. तारेला ताण बसू नये म्हणून जुळणी करणाऱ्याने ती सरकवली होती आणि जुळणीच्या वहीत तारीख घालून तशी नोंदही केली होती. ती वही आम्ही मागितलीच नव्हती.

म्हणून यादीतील पहिली गोष्ट, आणि हे टिपण पुढे वाचायला वेळ नसेल तर एकमेव गोष्ट : ज्या वस्तूला धरायचे आहे ती प्रत्यक्षात जशी बांधली गेली तशी मोजा, ड्रॉइंगमध्ये आहे तशी नव्हे. त्यासाठी जुळणीची वही मागा, आवरणे बंद करण्यापूर्वी काढलेली छायाचित्रे मागा, आणि ड्रॉइंग मंजूर झाल्यानंतर केलेल्या बदलांचे कागद मागा. ‘बदल काहीच नाहीत’ असे कोणी तोंडी सांगितले तर तेच लिहून मागा. लिहायची वेळ आली की एखादी क्लिप, एखादी पट्टी हमखास आठवते. वस्तू जमिनीवर असेल तर स्वतः जाऊन हात लावा. ती आधीच कक्षेत असेल तर शेवटची छायाचित्रे समोर ठेवून, जबड्याच्या वाटेत येऊ शकणाऱ्या प्रत्येक उंचवट्यावर खूण करा.

मला हा धडा नव्याने शिकण्याचे काहीच कारण नव्हते, याचीच अधिक चीड येते. एप्रिल १९८४ मध्ये ‘सोलर मॅक्स’ या सूर्यनिरीक्षक उपग्रहाच्या दुरुस्तीसाठी ‘चॅलेंजर’ यान गेले होते. जॉर्ज नेल्सन पाठीवरच्या झोतयंत्राच्या साहाय्याने, यानाशी कोणतीही दोरी न बांधता, उपग्रहापर्यंत पोहोचले आणि छातीशी बसवलेले पकडयंत्र त्यांनी उपग्रहाच्या खुंटीवर तीन वेळा नेऊन टेकवले. तिन्ही वेळा पकड बसली नाही. खुंटीच्या शेजारी उष्णतारोधक आवरण अडकवण्यासाठी एक बारीकसे बोंड होते, आणि पकडयंत्र आखणाऱ्यांच्या ड्रॉइंगमध्ये त्याचा पत्ता नव्हता. मग नेल्सन यांनी सौर पंखा हाताने धरून उपग्रह थांबवण्याचा प्रयत्न केला, तर तो आणखीच वेडावाकडा फिरू लागला. जमिनीवरच्या नियंत्रकांनी उपग्रहावरील विद्युतचुंबकांच्या मदतीने त्याला शांत केले, तोवर त्याची बॅटरी संपत आली होती. शेवटी यांत्रिक बाहूने त्याला धरले आणि दुरुस्ती पार पडली. ही हकिकत मी चाचणीच्या आधी दोनदा वाचलेली होती, तरीही वही मागितली नाही.

पर्यायी अवजारही मोजा. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ‘डिस्कव्हरी’ यानाच्या पथकाने भलत्याच कक्षेत अडकलेले ‘पलापा बी-२’ आणि ‘वेस्टार ६’ हे दोन उपग्रह परत आणले. जो ॲलन यांनी मोटरच्या नोझलमध्ये, म्हणजे झोत बाहेर टाकणाऱ्या तोंडात, लांब दांडा घालून ‘पलापा’ धरला, तो भाग ठरल्याप्रमाणे झाला. नंतर उपग्रहाच्या दुसऱ्या टोकाला जी चौकट बसवायची होती ती मात्र बसेना, कारण तिथली तरंगवाहक, म्हणजे रेडिओलहरी वाहून नेणारी, नळी अपेक्षेपेक्षा जराशी बाहेर आली होती. ती नळी त्या दिवशी उगवली नव्हती. तिला फक्त कोणी मोजले नव्हते. अखेर ॲलन यांनी पाय अडकवून सुमारे दीड तास, म्हणजे पृथ्वीभोवतीची एक पूर्ण फेरी, तो उपग्रह दोन हातांनी धरून ठेवला आणि डेल गार्डनर यांनी तळाशी, उपग्रह यानात ज्यात बसवायचा त्या पाळण्याचे जोडकाम केले. ‘वेस्टार’च्या वेळी ती चौकट बाजूलाच ठेवण्यात आली.

इथे आखणीतली एक निवडही आली. नेमका बसणारा जबडा दिसायला सुबक असतो, पण ज्या पकडीला थोडी चूक चालते ती नेहमी बरी. स्पेस शटलच्या सुमारे १५ मीटर लांबीच्या कॅनेडियन बाहूच्या टोकाला तारांचे तीन फास असत. दांडा त्या फासांच्या मध्ये कुठेही आला तरी फास फिरून आवळले जात आणि दांडा आपोआप मध्यावर ओढला जाई. अर्थात त्यासाठी उपग्रहावर तो दांडा आधीपासून असावा लागतो, आणि बहुतेक उपग्रहांवर तो नसतो. अशा वेळी नोझल किंवा बुडाचे कडे धरणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘एमईव्ही-१’ हे सेवायान ‘इंटेलसॅट ९०१’ या दळणवळण उपग्रहाला जोडले गेले ते इंजिनाच्या नोझलमध्ये दांडा घालून, तो आत फुलवून आणि उपग्रहाला मागे ओढून घेऊनच. हा मार्ग निवडलात तर नोझलचा घसाही मोजायचा आहे, हे वेगळे सांगायला नको; तरी सांगतो आहे.

उपग्रहाचे वस्तुमान, गुरुत्वमध्य, फिरण्याचा वेग आणि टाकीत उरलेले इंधन हे आकडे सगळेच गोळा करतात, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. फक्त एवढे लक्षात ठेवा की वजन नाहीसे झाले तरी वस्तुमान जागच्या जागी असते, आणि टाकीतले इंधन डुचमळते. मे १९९२ मध्ये ‘इंटेलसॅट ६’ मालिकेतील चारएक टनांचा उपग्रह पकडण्यासाठी खास दांडा बनवला होता. पिएर थ्युओ यांनी तो टेकवला की उपग्रह हलकेच डोलत दूर सरके; इतक्या हलक्या स्पर्शाने तो हलेल हे जमिनीवरच्या सरावात कळले नव्हते. दोन दिवसांचे प्रयत्न वाया गेल्यावर तिघांनी एकाच वेळी बाहेर जाऊन तो हातांनी धरला, आणि ते काम ८ तास २९ मिनिटे चालले. तेव्हा सरावाच्या फरशीचे घर्षण किती आणि वजनरहित हालचालीचा सराव ज्या पाण्याच्या टाकीत करतात तिथला अडथळा किती, हे आधी मोजून घ्या आणि मगच ‘सराव यशस्वी’ असे लिहा. टाकीत बुडवलेली प्रतिकृतीसुद्धा ड्रॉइंगवरूनच केलेली असते. तीही प्रत्यक्ष बांधणीशी ताडून घ्या. आमची चूक नेमकी तिथेच पक्की झाली, कारण चुकीच्या कड्यावर केलेल्या सरावाने आमचा आत्मविश्वासच वाढत गेला.

माणूस बाहेर जाऊन काम करणार असेल तर पाय कुठे अडकणार हे अवजारांच्या आधी ठरवा. पाय मोकळे असले की पाना फिरवताना बोल्ट जागेवर राहतो आणि माणूस फिरतो. जून १९६६ मध्ये ‘जेमिनी ९’ या यानाच्या वेळी अंतराळवीर युजीन सर्नन यांना धड आधार नसल्याने साधी हालचाल करतानाही इतका दम लागला की शिरस्त्राणाची काच आतून धुरकटली आणि ठरलेले काम सोडून द्यावे लागले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ‘जेमिनी १२’च्या बझ ऑल्ड्रिन यांनी पाण्याखाली सराव केला होता, पाय अडकवायला खाचा होत्या, कमरेला पट्टे होते, आणि कामे सुरळीत झाली.

हातमोज्यांचा विचार कागदावर करू नका. अमेरिकी अंतराळपोशाखात वातावरणाच्या जवळपास एकतृतीयांश दाब असतो. त्या दाबाने फुगलेली बोटे मिटवणे म्हणजे दर वेळी रबरी चेंडू दाबणे होय. त्यामुळे मुठी जाड हव्यात, कळा मोठ्या हव्यात, आणि चिमटीत धरावे लागणारे काहीही नको. धारदार कडा घासून गुळगुळीत करा, कारण मोजा फाटणे हा विनोद नाही.

प्रत्येक सुट्या वस्तूला सुरक्षादोर हवा, आणि ज्या पिशवीत त्या वस्तू आहेत त्या पिशवीलाही. नोव्हेंबर २००८ मध्ये अंतराळस्थानकाबाहेर ग्रीसची बंदूक पिशवीत गळली, ती पुसण्याच्या गडबडीत अख्खी पिशवीच हातातून निसटली, आणि पुढचे काही महिने ती पृथ्वीभोवती फिरत राहिली. स्क्रूंचेही तसेच आहे. २००९ मध्ये हबल दुर्बिणीवरील एका उपकरणाचे झाकण उघडण्यासाठी १११ स्क्रू काढायचे होते; त्यावर आधीच एक पारदर्शक पाटी बसवली होती, प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर पान्यापुरते भोक ठेवून, म्हणजे सुटलेला स्क्रू पाटीखालीच अडकून राहावा. अडचण आली ती या १११ स्क्रूंची नव्हे. त्यांच्या आड येणाऱ्या हातधरणीचा एक बोल्ट घसरला, पाना नुसताच फिरू लागला, आणि शेवटी माइक मॅसिमिनो यांनी ती हातधरणी हिसका देऊन मोडून काढली. त्याआधी जमिनीवर तसल्याच हातधरणीवर किती जोर लागतो हे पाहून घेतले होते, म्हणून ते धाडस करता आले. तुमच्याकडे जमिनीवर तशीच जोडी आहे का? आणि ती खरोखर तशीच आहे, की ड्रॉइंगप्रमाणे ‘तशीच’ आहे?

वंगणाबाबत : साधे तेल निर्वातात उडून जाते, म्हणून मोलिब्डेनम डायसल्फाइडसारखे कोरडे वंगण वापरतात. पण तेही घासून जाते, आणि तेही जमिनीवरच. १९९१ मध्ये ‘गॅलिलिओ’ यानाची मोठी अँटेना छत्रीसारखी उघडता उघडता अडकली. प्रक्षेपण लांबल्यामुळे ट्रकमधून झालेल्या फेऱ्यांच्या हादऱ्यांनी काड्यांच्या टेकूंवरचे वंगण निघून गेले असावे, असा निष्कर्ष निघाला. पेटीत भरण्याआधी अवजार तपासले असेल तर पोहोचल्यावर पुन्हा तपासा. आणि पेटीतून बाहेर काढल्यावर मोजायचे काय, हे आता तरी सांगावे लागू नये.

प्रकाश. पृथ्वीच्या जवळच्या कक्षेत दीड तासात एक सूर्योदय आणि एक सूर्यास्त होतो, सावल्या काळ्याकुट्ट असतात आणि सोनेरी आवरण डोळे दिपवते. कॅमेऱ्यांची चाचणी भर उजेडात आणि गच्च अंधारात अशी दोन्ही करा. तापमानही उन्हात शंभर अंशांच्या वर आणि सावलीत उणे शंभरच्या खाली जाऊ शकते. निर्वात कक्षातील चाचणी दोन्ही टोकांना घ्या आणि त्या वेळी जबडा खरोखर मिटवा, नुसता थंड करून बाहेर काढू नका.

उरलेले थोडक्यात. पकड सोडवण्याचा मार्ग पकड घेण्याइतकाच तपासा. माघारीपुरते इंधन बाजूला ठेवा आणि ते शून्य समजा. उपग्रहात हायड्राझिन हे विषारी इंधन असेल तर झडपा बंद असल्याची खात्री करा. परत आणायचा असेल तर पाळणा, कुलपे आणि उतरतानाचे वजन पाहा. वेळापत्रकावर भरवसा ठेवू नका. ‘एलडीईएफ’ ही प्रयोगपेटी एप्रिल १९८४ मध्ये वर्षभरासाठी म्हणून कक्षेत सोडली होती, ती परत आली जानेवारी १९९० मध्ये. बॅटऱ्या, फिती, सुट्या चाव्या वगैरे तुम्हाला ठाऊक आहेतच.

आणि जुळणीची वही मागा, फोनवर नव्हे, लेखी. आमच्या पुढच्या चाचणीच्या कपाटात ती वही सर्वांत वरच्या खणात आहे. क्लिपच्या नोंदीचे पान मी दुमडून ठेवले आहे.