गायीच्या दुधाचा वक्र बसवताना या चुका टाळा

विल्यानंतर गायीचं दूध दिवसागणिक कसं चढतं-उतरतं, तो दुधाचा वक्र. तो बसवायला आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये एनएलएस (वक्र समीकरण नोंदींवर बसवणारं फंक्शन) चालवलं, 'सिंग्युलर ग्रेडियंट' असा एरर आला, की बरेच जण लगेच दुसरं मॉडेल शोधायला लागतात. एवढी घाई करू नका. या वक्रासाठी वापरल्या जाणाऱ्या वूडच्या १९६७ च्या समीकरणात सहसा खोट नसते. घोळ असतो सुरुवातीला दिलेल्या किमतींत, नाहीतर मुळातल्या नोंदींत.

समीकरण असं: दूध = ए × दिवस^बी × ई^(−सी × दिवस). यात दिवस म्हणजे विल्यापासूनचे दिवस, ई म्हणजे २.७१८ हा स्थिरांक, आणि ए, बी, सी या शोधायच्या किमती. ए, बी, सी या तिघांनाही सुरुवातीला १ देऊन मोकळं होणं ही सर्रास होणारी चूक. सी १ धरला तर शंभराव्या दिवसाचं दूध जवळपास शून्य येतं आणि गणित तिथेच अडकतं. त्यापेक्षा आधी दुधाचा लॉग घ्या, दिवस आणि दिवसांचा लॉग यांच्यावर साधं एलएम (सरळ रेषेचं मॉडेल बसवणारं फंक्शन) चालवा, आणि मिळालेल्या किमती एनएलएसला द्या. मात्र लॉगचं उत्तर अंतिम धरू नका. ते नुसतं उलटं फिरवलं तर सरासरी दूध थोडं कमी दिसतं. शिवाय आटलेल्या गायीपुढे कुणी ० भरलं असेल तर लॉग तिथेच कोलमडतो.

आता एकक. समजा ए १५, बी ०.२, सी ०.००४ आहे. उच्चांकाचा दिवस म्हणजे बी भागिले सी, इथे ५०, म्हणून पन्नासाव्या दिवशी सुमारे २६.९ किलोचा उच्चांक. हाच डेटा आठवड्यांत मांडला की बी तोच राहतो, पण सी ०.०२८ होतो आणि ए सुमारे २२.१. दिवसांचा सी आणि आठवड्यांचा सी एकाच तक्त्यात ठेवून तुलना केली, की निष्कर्ष चुकलाच. विल्मिंकच्या मॉडेलमध्ये, म्हणजे दुधाच्या वक्राच्या दुसऱ्या एका समीकरणात, तर ई च्या घातातला ०.०५ हा आकडा दिवसांसाठीच ठरवलेला असतो. आठवडे वापरायचे तर तो ०.३५ करावा लागतो. हे फार जण विसरतात.

काही गायींचा बी उणे येतो, म्हणजे वक्र पहिल्या दिवसापासून उतरताच. अशा गायी सरसकट गाळू नका. आधी त्यांची पहिली नोंद कितव्या दिवसाची आहे ते बघा. ती साठाव्या दिवसाची असेल तर चढ डेटात आलेलाच नाही. मॉडेलला तो दिसणार कुठून? गाळणी लावली तर उशिरा नोंद सुरू झालेल्या गायीच नेमक्या बाहेर पडतात. एनएलएमईसारखं मिश्र मॉडेल (सगळ्या गायी एकत्र घेऊन प्रत्येकीचा वेगळा वक्र काढणारं) घेतलं तर अशा गायीचा वक्र बाकी कळपाच्या आधाराने सावरतो. एकाच गायीच्या नोंदी एकमेकींशी बांधलेल्या असतात, याचाही हिशेब त्यात होतो. पहिलारू गायींचा वक्र मुळातच सपाट असतो, त्यांना वेगळा गट द्या.

चिकाचे पहिले चार दिवस वगळा. विण्याची तारीखही तपासा: ०४/०७ म्हणजे ४ जुलै की ७ एप्रिल? वेताचे दिवस उणे आले तर चूक लगेच सापडते, पण ८८ दिवसांनी सरकलेली गाय गुपचूप डेटात राहते.

आणि मॉडेल नोंदींना किती जुळतं ते सांगणाऱ्या नुसत्या आर-स्क्वेअरवर विसंबू नका. दहा नोंदींवर अली-शेफर या आणखी एका मॉडेलचे पाच घटक बसवले की तो छानच दिसणार. दिवसांपुढे अवशेषांचा (प्रत्यक्ष दूध वजा मॉडेलचं दूध) आलेख काढा. पहिल्या महिन्यात ठिपके सगळे शून्याच्या एकाच बाजूला असतील तर मॉडेल चढ चुकवतंय.